अख्खा चेंडू

काळूराम पोटावर आडवा झाला, गाल राखेच्या रेघेला टेकवला आणि एक डोळा मिटून चेंडूकडे बघत राहिला. कापलेल्या भाताचे खुंट छातीला टोचत होते. भोवती शेणव्याची आणि मुरबाडकडची मिळून शंभर-दीडशे माणसं उभी होती आणि सगळीच या पंचाला शहाणपण शिकवत होती.

"रेघंला लागला ना? मंग बगतोस काय? गोल झाला."

मुरबाडकडच्या कान्हाने चेंडू जोरात मारला होता. शेणव्याचा गोलकीपर घसरून पडला, आणि चेंडू घरंगळत दोन बांबूंच्या मधे गेला. तिथे खाचराची ओल होती. ऐन रेघेवर तो चिखलात रुतला आणि हटवादी बैलासारखा तिथेच बसला. शेणव्याचे दोन गोल झाले होते, पाहुण्यांचा एक. दिवस कलला होता. हा गोल धरला तर बरोबरी झाली असती आणि सगळे आनंदाने जेवायला बसले असते.

दुपारपासून काळूरामचं डोकं उठलं होतं. हुतूतूवर वाढलेली माणसं ही, यांना फुटबॉल शिकवायचा म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. कुणाच्या दंडाला चेंडू चुकून चाटून गेला तरी बांधावरून "हात, हात" असा गलका. मुद्दाम हात लावला तरच गुन्हा, हे त्याने दोन वर्षांत शंभरदा सांगितलं असेल. मधेच दोन पोरांचा बाप असलेल्या गणूने पाहुण्याच्या पोटरीवर लाथ घातली म्हणून त्याला बाहेर काढला. पण शेणव्याचा दुसरा गोल झाला आणि गणू खुशाल परत आत. का, तर हुतूतूत आपल्या बाजूने समोरचा गडी मारला की आपला मेलेला गडी जिवंत होतो. काळूरामने त्याला दंडाला धरून बांधावर नेऊन बसवलं. गणूची बायको अजून पुटपुटत होती, धडधाकट माणसाला मेलेला ठरवतो, हा कसला पंच.

हुतूतूत रेघेला पाय लागला की बाद. म्हणून चेंडू रेघेला लागला की विषय संपला, असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. पण रेघ ही काळूरामची स्वतःची वस्तू होती. कल्याणला गोऱ्या साहेबांच्या मैदानावर त्याने अकरा वर्षं चुन्याच्या रेघा मारल्या होत्या आणि बादली घेऊन उभ्या उभ्या खेळाचे सगळे कायदे ऐकून पाठ केले होते.

त्याचा भाऊ वाळू शेजारी उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, "दादा, दे गोल. रंगूचं बग जरा."

काळूरामला ते सांगायला नको होतं. कान्हाची आई बाईजा आज गाडीतून खेळाडूंबरोबर आली होती ती सामना बघायला नव्हे, त्याच्या पोरीला, रंगूला बघायला. नवऱ्यामागे घर तीच चालवत होती, शब्द तिचाच. दोन वर्षांपूर्वी वाशिंदकडच्या एका मुलाशी रंगूची सुपारी फुटली होती. लग्नाला महिना राहिला आणि तो मुलगा तापाने गेला. तेव्हापासून तीन स्थळं आली आणि सुपारीचं कळताच तिन्ही माघारी गेली. सकाळी बाईजा पडवीत बसून तोंडावरच बोलली होती.

"पोर गुणाची हाय, डोल्यांना दिसतंय. पण सुपारी फुटली म्हंजे अर्धं लगीन झालं. अर्धी दुसऱ्याची झाल्याली सून मी घरात कशी घेऊ? सामना होऊ दे, मंग सांगते."

रंगूने पुढे केलेला पाण्याचा तांब्या तिने ओठ न लावता बाजूला ठेवला होता. रंगू तो उचलून आत गेली तेव्हा तिच्या बांगड्यासुद्धा वाजल्या नाहीत.

चेंडूच्या पलीकडे काहीतरी हललं. कान्हाही पोटावर आडवा झाला होता. चेंडूच्या एका बाजूला सासरा होऊ बघणारा माणूस, दुसऱ्या बाजूला जावई, दोघांचे गाल चिखलात. कान्हाने बराच वेळ बघितलं आणि उठून गुडघे झाडले.

काळूरामही उठला.

"गोल नाय," तो म्हणाला.

गलका उसळला. त्यातून पदर खोचून बाईजा पुढे आली तशी माणसं बाजूला झाली.

"काळूदादा, अर्ध्याच्या वर चेंडू पलीकडं हाय."

"हाय."

"मंग?"

"अर्धा काय नि पाऊण काय. अख्खा चेंडू रेघ सोडून गेला पायजे. कड जरी रेघेवर ऱ्हायली, तरी तो आतलाच."

"मी बी बगितलं, आये," कान्हा म्हणाला. "हिकडली कड रेघेवरच हाय."

बाईजा वाकली. तिने चेंडू बघितला, रेघ बघितली, मग काळूरामकडे बघितलं आणि तशीच मागे फिरली. काळूरामने चेंडू उपसून दोन गड्यांच्या मधे टाकला आणि थोड्या वेळाने सामना संपल्याची शिट्टी फुंकली. शेणवं जिंकलं. मुरबाडकडचे लोक तोंड पाडून पाय धुवायला गेले. आपल्या हाताने पोरीचं स्थळ मोडलं, असं म्हणत तो घराकडे चालू लागला. दुसरं काही त्याच्या मनात येतच नव्हतं.

खळ्यावर पंगत बसली. वालाची आमटी, भाकरी, सगळं रांधून तयारच होतं. काळूराम पाहुण्यांना वाढतच राहिला, स्वतः बसला नाही. गणूही जेवायला आला नव्हता. शिट्टीवाल्याने बाहेर काढलं म्हणजे बाहेर, म्हणून तो कुंपणापलीकडे रुसून बसला होता.

पाहुण्यांनी गाडी जुंपली. बाईजा मात्र गाडीत न चढता सरळ पडवीत आली आणि सकाळच्याच जागी बसली.

"काळूदादा, एक इचारते. सुपारीच्या पुढं काय झालं व्हतं?"

"काय नाय."

"हळद?"

"हळद दळायची व्हती. तेवढ्यात तो गेला."

"मांडव? अक्षता?"

"नाय, बाय. कायच नाय."

बाईजाने मान हलवली.

"तुमची पोर अडल्येय माझ्या एका शब्दावर. तरी सगळ्या गावासमोर माझ्या पोराचा गोल तुमी दिला नाय."

"तो गोल नव्हता, बाय."

"नव्हता. माझा पोर चिखलात लोळून बगून आला, तो बी नाय म्हनला." तिने पदर सारखा केला. "मंग हे तरी अर्धं लगीन कसं म्हनायचं? कड रेघेवरच ऱ्हायली की." ती दाराकडे वळली. "रंगू, पानी आन गो."

आतून बांगड्या वाजल्या. रंगू तांब्या घेऊन आली. बाईजाने तो दोन्ही हातांनी धरला आणि सगळा रिकामा करूनच खाली ठेवला. मग म्हणाली, "गूळ नाय का घरात? नुसतंच पानी पाजतेस सासूला?"

काळूराम खांबाला टेकून खाली बसला. दोन वर्षांनी पोटभर श्वास घेतल्यासारखं वाटलं. त्याला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि गळ्यातली शिट्टी उगीचच हातात आली होती.

कुंपणापलीकडून गणूचा आवाज आला.

"काळूदादा, आता तरी आत येऊ का? भूक लागली."

"ये रे," काळूराम म्हणाला. "झालास जिवंत."