तिसऱ्या पानावरचं नाव

"मावशी, इथे एक सही करा," म्हणून सरांनी कागद पुढे सरकवला, तेव्हा माझे दोन्ही हात मक्याच्या पिठात होते. फळमाश्यांचं खाणं शिजवत होते मी. पीठ, साखर, यीस्ट. बावीस वर्षं या प्रयोगशाळेत माझं हेच चाललंय. शिजवायचं, बाटल्यांत भरायचं, जुन्या बाटल्यांतल्या माश्या नव्यात सोडायच्या आणि जुन्या धुवायच्या. आमचे हे रोज संध्याकाळी विचारतात, "काय, मारून आलीस का माश्या?" त्यांना काय ठाऊक. बाकीचे मारतात, मी जगवते.

हात पुसून मी कागद वाचायला घेतला. वाचल्याशिवाय सही करायची नाही, ही माझी खोड. संशोधनाच्या अनुदानाचा अर्ज होता. यंदा त्यात नवं प्रकरण आलं होतं: समता आणि विविधता. एकोणिसाव्या पानावर माझं नाव आणि त्यापुढे खुणा केलेले चार चौकोन. स्त्री, बरोबर. पन्नाशीच्या पुढची, बरोबर. घरातली शाळेत गेलेली पहिली, बरोबर. पदवी नसलेली, तेही बरोबरच.

"सगळं खरंय," मी म्हटलं. "पण सर, मी काम काय करते ते कुठंय?"

"कामाचं तिसऱ्या पानावर असतं. संशोधकांच्या."

मी तिसरं पान उघडलं. सर, दोन डॉक्टर, एक विद्यार्थिनी. आणि खाली एक ओळ: 'व इतर कर्मचारी'.

"म्हणजे मी कोण ते एकोणिसाव्या पानावर आणि करते काय, तर 'इतर'?"

सर चपापले. माणूस वाईट नाही. इथेच विद्यार्थी म्हणून आले होते, बाटलीला कापसाचा बोळा कसा लावायचा ते माझ्याकडूनच शिकले. "मावशी, समितीत मोठी माणसं असतात हो. या पानावर पदवीचा रकाना आहे. तुमचा रिकामा दिसला की तिथेच माशी शिंकायची. पाच जणांच्या नोकऱ्या आहेत या अर्जावर. तुमचीसुद्धा."

नोकरीचं ऐकलं मी. पण तोंड उघडलं होतं, ते मिटेना.

"रिकामा आहे, तर रिकामाच दिसू दे. नऊ वर्षांपूर्वी उन्हाळ्यात थंडाव्याचं यंत्र बंद पडलं, सगळ्या माश्या मेल्या. तुम्ही म्हणालात, फेकून द्या. त्यातली एक बाटली मी ठेवली. आज हा अख्खा अर्ज त्या बाटलीतल्या माश्यांच्या लेकरांवर उभा आहे ना? ते लिहा, मग सही घ्या. नुसती शोभेची बाहुली म्हणून मला बसवू नका."

बोलून गेले आणि मलाच घाम फुटला. सरांनी लॅपटॉप उघडला आणि ती 'इतर'ची ओळ पुसली. पाचवं नाव माझं आलं. पदवी: नाही. काम: उष्णता सोसणारा वाण वेगळा काढला व नऊ वर्षं जगवला.

मी ते तीनदा वाचलं. छाती फुगली, खोटं कशाला बोलू? मग सही केली.

दोन महिन्यांनी समिती आली. दोन पुरुष आणि मधोमध पिकल्या केसांच्या एक बाई. त्यांनी तिसरं पान काढलं, बोट खाली खाली नेलं.

"क्रमांक पाच कोण?"

सरांचा चेहरा उतरला. मी भिंतीपाशी होते, तिथून पुढे आले. आता पदवीचं निघणार, हे मी धरूनच चालले होते.

"सगळ्यांनी मेली म्हणून सोडलेली बाटली तुम्ही का ठेवलीत?"

"सगळे वरून बघतात, बाई," मी म्हटलं. "वर मेलेल्याच होत्या. मी तळ बघते. धुवायची मलाच असते ना. तळाशी तीन अळ्या हलत होत्या."

कुणी हसलं नाही. बाईंनी ते वहीत उतरवून घेतलं. सर मध्येच काहीतरी समजावून सांगायला लागले, तर बाईंनी त्यांना हातानंच थांबवलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "मग पुढे काय केलंत?"

मी सरांच्या शेजारची खुर्ची ओढली, बसले आणि सांगू लागले.