उजव्या बाजूचा टायर

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे. आज वाटूरच्या कडूबाच्या बैलगाडीखाली फिरतो. पण एके काळी मी नवीन जालन्यातल्या एका लाल, बसक्या, दोन दारांच्या मोटारीचा मागचा उजवा पाय होतो. ते दिवस आठवले की अजून अंगाची लाही होते.

माझा जन्म कारखान्यातला. रबर आणि नायलॉनचे धागे तापत्या साच्यात दाबून मला घडवलं. जाड अंग, खोल नक्षी. जालन्याच्या दुकानात येणारा-जाणारा मला थाप मारून म्हणायचा, माल दणकट आहे. मग अठ्ठ्याहत्तर साली मुंबईहून रेडियल टायर आले आणि माझ्या शेजारीच मांडले गेले. ते वेगात डगमगत नाहीत, वळणावर रस्ता सोडत नाहीत, असं दुकानदार ज्याला त्याला सांगू लागला. माझं नाव काढणं त्यानं सोडलंच.

काकासाहेब बियाण्यांचे व्यापारी. मोटार पळवायचा भारी शौक. जुने टायर गुळगुळीत झाले, तेव्हा ते आई आणि बायकोला घेऊन दुकानात आले. बायको नंदाबाई, त्यांना रेडियल आवडले. आई तुळजाबाईंनी मात्र बाजारात बैल पारखावा तसा मला चाचपला आणि हवा भरून ठेवलेल्या रेडियलकडे बोट केलं.

"ह्याचं पोट बघ कसं लोंबून राह्यलं. हवा तरी धरंल का ह्ये?"

दोघी हटेनात. काकासाहेब बाहेर जाऊन पान खाऊन आले, तरी निकाल नाही. शेवटी त्यांनी घरातला तंटा मिटवला: उजवीकडे आईच्या पसंतीचे दोन, डावीकडे बायकोच्या पसंतीचे दोन. दुकानदार नको नको म्हणत राहिला. मोटारीतही दोघी मागं आपापल्या टायरवर बसू लागल्या.

मित्रांनो, एकाच आसाला इकडे मी आणि तिकडे तो रेडियल. लोक उकिडवे बसून त्यालाच न्याहाळायचे. नंदाबाई ओल्या फडक्यानं त्यालाच पुसायच्या. माझ्या नक्षीतलं शेण तसंच. दसऱ्याला तुळजाबाईंनी मला बोटभर जास्त कुंकू लावलं, तरी माझं निम्मं लक्ष पलीकडे, त्याला किती लावलं याकडे. मोटारीवर आता एकालाच राहता आलं, तर तो मीच असावा, एवढीच माझी इच्छा.

एक दिवस वाटूरच्या रस्त्यावर शेरडं आडवी आली. काकासाहेबांनी ब्रेक दाबला. रेडियलनं रस्ता गच्च धरला, मी घसरलो, आणि मोटार गर्रकन डावीकडे वळून कपाशीत घुसली. नंदाबाईंनी सासूच्या छातीपुढे हात आडवा टाकला. तुळजाबाईंना खरचटलंसुद्धा नाही. नंदाबाईंचं मनगट मात्र टम्म सुजलं.

गॅरेजातल्या कारभारी मिस्त्रीनं चाकं बघून कपाळाला हात लावला. "काकासाहेब, एका जुवाला बैल अन् रेडा जुपता का? चारी एका जातीचे लावा."

आता आमच्यातला एकच राहणार होता. माझी बाजू घ्यायला तुळजाबाई होत्याच. पण आधी नंदाबाईच सासूकडे बघून बोलल्या, "आत्याबाईंचेच ठेवा."

रेडियलकडे बघून मी मनात हसलो. तेवढ्यात तुळजाबाईंनी सुनेचा सुजलेला हात मांडीवर घेतला.

"न्हाई रे काका. माझ्या नंदीच्या आवडीचेच ठेव. हे उतरव."

आणि मला उतरवलं. भांडून हरलो असतो तर चाललं असतं, मित्रांनो. मी मायेपुढं हरलो, तिथं तक्रार कुणाकडे करायची?

तेव्हापासून कडूबाची सरकी वाहतो. बैल गरीब आहेत, रस्ता माझ्या ओळखीचा आहे. माझं मागणं फार नाही. उन्हात टाकू नका, हवा कमी झाली तर भरा, नक्षीतले खडे काढा. कुणाचं मन राखायचं असेल तर घरात राखा, चाकांवर राखू नका. आणि ती लाल मोटार कुठं दिसली, तर ते रेडियल किती झिजलेत, तेवढं मला येऊन सांगा.