राहिलेला अर्धा कप

फुकट चहा पाजणाऱ्याचा रामदासरावांना जन्मात कधी भरवसा वाटला नव्हता. त्यात कंपवातानं उजवा हात थरथरायला लागल्यापासून त्यांनी चारचौघांत चहा पिणंच सोडलं होतं. लग्न नाही, बारसं नाही, कट्टा नाही. हात खिशात आणि माणूस घरात. घरी पत्नी हिराबाई कप धरायच्या, आणि त्या धरतात म्हणूनच तो चहा घशाखाली उतरत नसे.

त्याच हिराबाईंनी त्यांना सदाशिव पेठेतल्या कंपवाताच्या रुग्णांच्या मंडळात पिटाळलं. "अहो, तिथे सगळे तुमच्यासारखेच आहेत."

"म्हणजे गिऱ्हाईक एका जागी सापडतं," रामदासराव म्हणाले.

दवाखान्याच्या वरच्या हॉलमध्ये त्यांनी दाराजवळची खुर्ची धरली. पळायला सोपं. आता पावडर निघते, काढा निघतो की एखादे महाराज अवतरतात, याचा ते अंदाज घेऊ लागले. पण मंडळी भलतंच बोलत होती. शर्टाची बटणं कशी लावायची, चालताना पाय जमिनीला चिकटला तर मनात गाणं म्हणत कसा उचलायचा. सही जुळेना म्हणून बँकेनं परत पाठवल्याचं एक जण सांगत होता आणि बाकीचे चक्क हसत होते. तोही हसत होता. हे जरा जास्तच गोड चाललंय, असं रामदासरावांच्या मनात आलं.

मंडळ चालवणाऱ्या दीपमालाबाई चहा वाटत आल्या. कप हे एवढाले, आणि चहा जेमतेम अर्धा, तोही कोमट.

"पेठेतच आलोय याची खात्री पटली," रामदासराव म्हणाले.

"भरून देऊ?" बाईंनी शांतपणे विचारलं आणि कप पुढे केला. त्यांच्या हातात तो चांगलाच डुगडुगत होता. चहा आतल्या आत हिंदकळत होता, पण थेंब बाहेर येत नव्हता.

रामदासरावांनी हॉलभर पाहिलं. सगळेच कप हलत होते आणि कुणीही कुणाकडे बघत नव्हतं. त्यांना स्वतःच्या जिभेची लाज वाटली. खिशातला हात निघता निघेना. अखेर निघाला. कप थरथरला, दातांवर आपटला. कुणी धावलं नाही, कुणी धरलं नाही. कितीतरी दिवसांनी चहा चहासारखा लागला, आणि त्यांना रडू आलं.

रिकामा कप त्यांनी दीपमालाबाईंपुढे धरला.

"बाई, तो राहिलेला अर्धा आणा."