चोचीएवढी फट

सुमित्रानं धनेश पक्ष्यावर कविता लिहायला घेतली आणि आमच्या माजघराचं दार लिंपलं जाऊ लागलं. ती आतच बसली होती. पहिल्या कडव्याला दार अर्धं उरलं, दुसऱ्याला खिडकीएवढं. आता एक उभी फट आहे. तिच्यातून मी बायकोला उंबरं भरवतो.

सुरुवातीला मी घाबरलो नाही. सुमित्राच्या कवितेचं असंच असतं. ती ज्याच्यावर लिहिते ते घरी येतं आणि कविता पुरी झाली की आपल्या जागी परत जातं. शेवाळावर लिहिलं तेव्हा आम्ही भिंत धरून चालत होतो. बेडकांवर लिहिलं तेव्हा चपला झटकून घालाव्या लागत. शेवटची ओळ झाली आणि सगळे बेडूक ओढ्याकडे गेले, एकही मागे राहिला नाही. मी भातगिरणी चालवतो, मला यमकातलं काही कळत नाही. पण घरात बेडूक आले म्हणजे कविता जमली, एवढं कळतं.

आमच्या देवराईतलं वाळकं पानसुद्धा कौल लावल्याशिवाय कुणी उचलत नाही. देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होकार. सुमित्राही लिहिण्याआधी कौल घेते. याही वेळी उजवीच पडली होती. तरी दार बुजायला लागल्यावर मी धोंडू गुरवाला बोलावून आणलं.

"कसलो कौल घेतलात?" त्यानं विचारलं.

"देवराईतल्या बेहड्याच्या झाडाचा. त्याच्या ढोलीचं तोंड लिंपून धनेशाची मादी आत बसली आहे ना."

"झाडाचो घेतलात. पाखराचो खंय घेतलात?" त्यानं कपाळाला हात लावला. "आणि ह्या पाखरू जोडीन रवता."

मी हात जोडायला गेलो, तर ते जुळेनात. बगलेपासून काळी पिसं फुटली होती.

गुरवानं आमच्याच भिंतीला पाकळ्या चिकटवल्या. "बाई भायर येतली?" उजवी पडली. "आणि ह्ये?" त्यानं माझ्याकडे बोट केलं. या वेळी कुठलीच पडली नाही. तो चहा न घेताच गेला.

तेव्हापासून मी दिवसभर उंबरं आणतो. नर आला नाही तर आतली उपाशी मरते, हे तिच्याच दुसऱ्या कडव्यात आहे. घरही आवळत चाललं आहे. स्वयंपाकघर फडताळात मावलं, ओटीचं छप्पर पाठीला लागतं. तोंडाची चोच झाल्यापासून मला बोलता येत नाही. एकदा टोचलं की नाही, दोनदा टोचलं की हो. फटीतून तिला फक्त चोचीचं टोक दिसतं. तिला वाटतं, माझा घसा बसलाय आणि मी चिमट्यानं फळं देतो.

काल तिनं आतून दोन ओळी वाचून दाखवल्या.

जग उरलं आहे तुझ्या चोचीएवढं,
आणि ते गोड आहे.

"जमलंय का हो?"

मी दोनदा टोचलं. मला रडू आलं. इतकी वर्षं तिच्या कविता मी बेडकांवरून ओळखल्या; ही एक नुसती ऐकूनच कळली. अशी बाई माझ्या घरात भाकऱ्या थापते, याचा मला फार अभिमान वाटला.

आज सकाळी फट आणखी बारीक झाली. चोच तिरकी करून घालावी लागली.

"अहो," ती म्हणाली, "शेवटची ओळ सुचली. लिहिली की दार मोकळं. आधी तुमच्या हातचा चहा पिणार मी. आलं घालून."

चोचीत एक पिकलं उंबर होतं. मागून देवराईचा वारा पिसांत शिरत होता.

"लिहू ना?"

मी उंबर आत सरकवलं आणि भिंतीवर दोनदा टोचलं.

आत पेन्सिल चालू लागली. भिंतीचा पहिला पोपडा सुटून ओटीवर पडला. देवराईकडे उडताना मला तो वरून दिसला.