बारा की साडेपाच

ईशा दहा महिन्यांची झाली आणि माझी रजा संपली. पुढे दोनच वाटा होत्या: पूर्वीसारखी पाळीची ड्यूटी, नाहीतर प्रशिक्षकाचं पद, दहा ते पाच. त्या पदासाठी एक वर्ग घेऊन दाखवायचा होता. मागच्या बाकावर आमचे प्रमुख मनोहरसर बसणार, आणि त्यांनी हो म्हणायला हवं. मला ईशाच्या संध्याकाळी हव्या होत्या, एवढंच.

वर्ग सॉल्ट लेकच्या आमच्या ऑफिसात होता. वादळाचा इशारा गावोगाव पोचवणारे चौदा अधिकारी आले होते. सराव मीच रचला होता. एक कल्पित बेट, अकराशे माणसं, आणि एका जुन्या वादळाच्या खऱ्या पत्रकांवरून घेतलेलं चक्रीवादळ. घड्याळातली पाच मिनिटं म्हणजे बेटावरचा एक तास. पहिल्या कागदावर वादळ किनाऱ्याला कधी लागणार ते लिहिलेलं. पुढच्या खबरा बंद पाकिटांत, पहिलं बेटावर बारा वाजले की फोडायचं.

मंडळी उत्साहात होती. बाराच्या आत त्यांनी अकराशेच्या अकराशे माणसं निवाऱ्यात आणली आणि स्वतःसाठीच टाळ्या वाजवल्या. मी पाकीट फोडलं. आत माझ्याच अक्षरात होतं: वारा किरकोळ, वादळ अजून साडेपाच तास दूर.

पहिला कागद पुन्हा बघितला. त्यावर वादळाची वेळ होती दुपारी बारा. हवामानाच्या पत्रकांत वेळ ग्रीनिचची असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पाकिटं भरली तेव्हा ईशा झोपली होती, म्हणून वेळ नीट बदलली गेली. पहिला कागद केला तेव्हा ती मांडीवर होती आणि तिला माझंच पेन हवं होतं. संध्याकाळच्या साडेपाचऐवजी पत्रकातले बारा तसेच उतरले.

पाकिटातली ओळ गुपचूप बदलून वाचली असती तर कुणाला कळलं नसतं. मनोहरसर खाली मान घालून चहा पीत होते. पण ही चौदा माणसं उद्या खऱ्या गावांना वेळ सांगणार होती. मी हिंदीत सगळं सांगून टाकलं: चूक माझी, आणि ती अशी झाली. मग विचारलं, बारा वाजून गेलेत, बाहेर वारा नावालाच आहे आणि निवाऱ्यात अकराशे माणसं बसलीत. आता?

एकजण म्हणाला, चूक मान्यच करायची नाही, वादळ रेंगाळलंय म्हणायचं. नाहीतर पुढच्या वेळी आपलं ऐकणार कोण? शेजारच्याने त्याला विचारलं की घरी उशीर झाला की बायकोलाही हेच सांगतोस का. बराच वेळ हशा चालला. मग शर्वरी हालदार उठल्या. सुंदरबनातल्या एका बेटावर त्यांची नेमणूक होती. पहाटेची होडी आणि मग सियालदहची लोकल गाठून त्या आल्या होत्या.

"बारा टळले की बायका बकऱ्या बघायला घरी निघणार," त्या म्हणाल्या. "आणि एकदा घरी गेलेलं माणूस परत येत नाही, मॅडम. मी पाहिलंय ते."

"मग काय कराल, शर्वरीदी?"

"खरं सांगेन. चूक आमची, वादळ साडेपाचला आहे. आणि लगेच खिचडी चढवायला लावेन. चुलीवर भात असताना कोण उठून जातं?"

नुसत्या खिचडीवर आमचे लोक थांबायचे नाहीत, अंडं हवं, असं मागून कुणीतरी ऐकवलं. शर्वरीदींनी अंडं मंजूर केलं. मग बकऱ्या कोण आणणार, भोंग्यावरून नेमकं काय बोलायचं, यावर तासभर इतका वाद रंगला की उरलेली पाकिटं तशीच राहिली.

वर्ग सुटल्यावर मनोहरसर जिन्यात थांबले. त्यांचा जन्म इथलाच, पण माझ्याशी ते मराठीतच बोलतात.

"ती वेळ मला कागद हातात आल्या आल्या दिसली होती, शकुन. तू काय करतेस ते बघत होतो."

"आणि मी गुपचूप बदलली असती तर?"

"तर तुला पाळीला पाठवलं असतं." त्यांनी चष्मा पुसला. "पुढची तुकडी सोळा जणांची आहे. तयारी सुरू कर."

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. न्यू टाउनला उतरले तेव्हा ऊन उतरायचं होतं. दार माझ्या नवऱ्याने, ऋषभने उघडलं. त्याच्या कडेवर ईशा, गालाला वरणभात लागलेला, टक्क जागी. मी हात पुढे केले तर आधी तिने माझ्याकडे नीट निरखून बघितलं, आणि मग झेपावली.