एका कापात दोन

किटलीचं झाकण खडखडायला लागलं तेव्हा खोलीत दोघीही गप्प होत्या. झमिराने फोनकडे पाहिलं. बैठ्या टेबलावर पालथ्या वाडग्याला टेकून तो उभा होता आणि त्यावरचे रेकॉर्डिंगचे आकडे पुढे सरकत होते. म्हणजे झाकणाची खडखडही त्यात गेली. ती उठली, किटली शेगडीवरून खाली घेतली आणि पुन्हा गुडघे मोडून सासूसमोर बसली.

"हं, आई. मुलांचं विचारत होते."

"ऐकलं मी. बहिरी नाही झाले अजून." कालिपा मांडीवरची लोकर पिंजत होती. बोलताना हात रिकामे ठेवायची तिला सवय नव्हती. "मला पाच मुलं."

झमिराने मान वर केली नाही.

"थोरला तलासला. मधल्या दोघी मुली, आपापल्या घरी सुखी. चौथा मिर्लान. तुझा नवरा कसा आहे ते तुला माहीत, पुस्तकात घालू नकोस. आणि पाचवी जिबेक. साठी उलटल्यावर झाली. म्हातारपणीचं लेकरू, म्हणून जरा हट्टी."

एका दमात हे सगळं सांगून कालिपाने लोकरीतला एक काटा ओढून काढला आणि तो टेबलाच्या कडेला नीट ठेवला. बाजूच्या खोलीत पाळण्यातला एल्दार कुरकुरला आणि परत झोपला.

"पुढचं विचार की."

"आज एवढंच," झमिरा म्हणाली आणि फोन बंद केला.

लोकांच्या आयुष्याची पुस्तकं करायचं खूळ तिच्या डोक्यात गेल्या हिवाळ्यात शिरलं. खूळ हा मिर्लानचा शब्द. एल्दार पोटात होता, घराबाहेर पडता येत नव्हतं, आणि शेजारच्या निवृत्त शिक्षिका रोज दुपारी येऊन त्याच त्या गोष्टी सांगत. एके दिवशी झमिराने सहज फोन सुरू ठेवला. नंतर ते ऐकत ऐकत लिहून काढलं, बाजारातल्या दुकानातून पानं छापून आणली, दोऱ्याने शिवली, आणि वरून नमद्याचं वेष्टन घातलं. कोचकोर गावात लोकर दाबून नमदा करणं आणि त्यावर शिंगांची नक्षी कापणं ज्याला येत नाही असं घर शोधावं लागेल. पण पुस्तकाला असलं वेष्टन कुणी घातलं नव्हतं. शिक्षिकाबाईंनी ते पुस्तक गावभर मिरवलं. मग गुरांच्या डॉक्टरांचं झालं, मग ओरोझबेक नावाच्या एका म्हाताऱ्या मेंढपाळाचं.

पहिल्याच दिवशी तिने एक नियम करून टाकला होता आणि येईल त्याला ती तो ऐकवत असे. तुमचं आयुष्य, तुमचे शब्द. मी एक काडी इकडची तिकडे करणार नाही. ओरोझबेकने सांगितलं की एकदा हिमवादळात त्याच्या घोड्याने त्याला नावाने हाक मारली. मुलगे हसले, म्हणाले, बापाला चढली असेल तेव्हा, ते गाळून टाक. तिने गाळलं नाही. घोड्याने हाक मारली असंच लिहिलं.

आता कालिपाची सत्तरी आली होती. तलासचा थोरला, दोन्ही मुली, सोयरे, अर्धं गाव जेवायला येणार होतं आणि जेवणानंतर थोरला आईचं पुस्तक मोठ्याने वाचून दाखवणार होता. त्या दिवशी ते पन्नास जणांनी पाहिलं की झमिराचा उद्योग उभा राहणार, हे मिर्लानसुद्धा मान्य करू लागला होता.

दार धाडकन उघडलं. दप्तर एकीकडे, बूट दुसरीकडे.

"वहिनी! भूक लागली! आणि वहिनी, मी आज फळ्यावरची अख्खी ओळ वाचली, कुणाच्या मदतीशिवाय!"

"आधी पाय पूस. चिखल घेऊन आलीस घरभर."

"आई, बघ ना, वहिनी ओरडते."

"ओरडू दे. वहिनीचं कामच ते," कालिपा म्हणाली आणि मांडीवरची लोकर बाजूला सारली. जिबेक येऊन त्या मोकळ्या मांडीवर डोकं टेकून आडवी झाली. सात वर्षांची झाली तरी.

झमिराने तिला जन्म दिला होता आणि जिबेक झमिराची धाकटी नणंद होती. यात गावाला नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. मुलाचं पहिलं लेकरू आजी-आजोबांनी आपलं म्हणून वाढवायचं, ही जुनी रीत. झमिरा वसंतात लग्न होऊन आली आणि त्याच वर्षी शरद ऋतूत सासरे गेले. फेब्रुवारीत जिबेक झाली. चाळिसाव्या दिवशी शेजारपाजारच्या बायका जमल्या. चाळीस घरांतून मागून आणलेल्या चाळीस चिंध्यांचं झबलं कालिपाने स्वतः शिवलं होतं. चाळीस चमचे पाण्याने बाळाला न्हाऊ घातलं, झबलं चढवलं, आणि कालिपा तिला उचलून आपल्या खोलीत घेऊन गेली. कुणीतरी झमिराच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणालं, तू काय, एकवीस वर्षांची, तुला ढीगभर होतील. तिनेही मान हलवली होती. पुढची सहा वर्षं काही झालं नाही. दिवसातून सात-आठ वेळा सासूच्या खोलीत जाऊन तिने जिबेकला दूध पाजलं, चौदा महिने. पाजून झालं की कालिपा पदर पसरल्यासारखे हात पुढे करी, आणि झमिरा बाळ त्यांत ठेवी. जिबेक बोलू लागली तेव्हा घरात सगळे जे म्हणत तेच म्हणाली. वहिनी.

दुपारी एल्दार झोपला की तासभर मिळे, कधी चाळीस मिनिटं. त्या वेळात झमिरा फोन कानाला लावून ऐके आणि लिही. कालिपाचं बालपण, दूध-संकलन केंद्रातली नोकरी, लग्न. सासऱ्यांचं नाव सुनेने तोंडाने घ्यायचं नसतं, पण लिहायला लागलं. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा तिची बोटं थबकली होती, आणि कालिपा हसून म्हणाली होती, "लिही गं. कागद कुठे ओरडतोय."

मुलांच्या प्रश्नापाशी ती आली. शांतता. किटलीचं झाकण. मला पाच मुलं.

तिने ते चार वेळा ऐकलं. मग संध्याकाळी बिश्केकच्या फेरीवरून मिर्लानचा फोन आला तेव्हा त्याला सांगितलं.

"अगं, मग काय सांगणार ती? आजवर काय सांगत आली?" मागे गाड्यांचे भोंगे वाजत होते. "आईला हवं ते लिही. सुरळीत चाललंय ते चालू दे."

"बोलणं वेगळं. हे लिहिलेलं राहील. जिबेक वाचेल."

"वाचू दे. नवीन काय कळणार आहे तिला?"

तेच तर. झमिराने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी तिने लिहिलं: मला पाच मुलं. एक काडी इकडची तिकडे केली नाही.

सत्तरीला दहा दिवस उरले तेव्हा वेष्टन कापायला दोघी बसल्या. लाल नमदा खाली, काळा वर, दोन्ही एकत्र टाचलेले, वर खडूने काढलेली शिंगं. सुरी कालिपाच्या हातात होती. झमिराचा हात थरथरतो असं तिचं म्हणणं होतं.

"नीट दाबून धर. सरकतंय."

झमिराने गुडघा टेकवला. सुरी दोन्ही थरांतून करकर करत पुढे गेली.

"पाच लिहिलंस ना?" कालिपाने खालीच बघत विचारलं.

"तुम्ही सांगितलं तेच लिहिलं."

"हं."

शिंगाच्या वळणावर सुरी हळू झाली, वळली, पुन्हा सरळ निघाली.

"पोरगी वाचायला लागली. काल साखरेच्या पुड्यावरचं सगळं वाचलं तिने. कुठल्या कारखान्यात झाली, किती दिवसांत खायची. साखर कशाला शिळी होईल, म्हणे, आई?" कालिपा हसली, मग थांबली. "त्या दिवशी पुढ्यातच बसणार ती. थोरला वाचणार, पन्नास माणसं ऐकणार. त्यांच्यादेखत तिने काय ऐकावं?"

झमिराने सरकलेला नमदा पुन्हा ताणून धरला.

"तुझे सासरे गेले त्या हिवाळ्यात मी शेगडी पेटवायचीही थांबले होते. तुला आठवतं. ती नसती तर वसंत बघितला नसता मी. हे मी तुझ्या फोनपुढे बोलले नाही."

"मला माहीत आहे, आई."

"तुला सगळं माहीत असतं. बोलत मात्र नाहीस. दगडासारखी बसतेस."

कापून झालं. कालिपाने टाके उसवले आणि दोन्ही थर वेगळे केले. लालातून निघालेली शिंगं काळ्याच्या भोकांत बसवली, काळ्यातली लालात. कुठे फट राहिली नाही. एका कापात दोन वेष्टनं, एक लाल, एक काळं.

"लाल माझं," ती म्हणाली. "हे दुसरं तू काय करतेस दरवेळी?"

"दुसरी प्रत करून ठेवते. नमुना म्हणून."

"आत कोरी पानं?"

"नाही. पहिल्यात असतं तेच."

कालिपाने काळं वेष्टन हातात घेतलं, कडेने बोट फिरवलं.

"चष्मा लावून डोळे दुखतात माझे. लाल वाचेन कसंबसं. काळ्यात काय आहे ते बघायला मी येणार नाही."

"आई..."

"त्या चाळिसाव्या दिवशी किती बायका होत्या, कोण काय म्हणालं, कोण कुठे उभं होतं, मला आठवत नाही. म्हातारी झाले. तुला आठवत असेल." तिने वेष्टन झमिराच्या मांडीवर टाकलं. "गावाला सांगत फिरतेस ना, तुमचं आयुष्य, तुमचे शब्द? मग? आता उठव मला. पाय आखडला."

पुढचा आठवडा एल्दारला दात येत होते. झोप अर्ध्या तासावर आली. झमिरा एका हाताने पाळणा हलवी आणि दुसऱ्याने लिही. सुरुवातीला काही सुचेना. तिने दवाखान्याच्या रस्त्यापासून सुरुवात केली. बर्फात रुतलेली गाडी, ढकलणारे दोन अनोळखी मेंढपाळ, त्यांतल्या एकाने तिच्या पायांवर टाकलेला आपला कोट. मग झबल्याच्या चिंध्या. त्यातली एक तिच्या स्वतःच्या लग्नातल्या पोशाखाची होती, निळी, डाव्या खांद्यावर लावलेली. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. तिला वाटलं होतं दोन पानं होतील. सतरा झाली. ती काळ्या वेष्टनात, कालिपाच्या पानांच्या मागे जोडायची होती. त्यांत कालिपाबद्दल एकही वाईट शब्द नव्हता. तिने परत परत वाचून खात्री केली, आणि तरीही ती पानं छापून आणताना तिने दुकानदाराला पाठमोरं उभं राहायला सांगितलं.

"माझ्याच यंत्रावर, आणि मी बघायचं नाही?" तो म्हणाला.

"बघायचं नाही."

सत्तरीच्या आदल्या दिवशी घरात बोरसोक, म्हणजे कणकेच्या फुगीर वड्या, तळायचं काम चाललं होतं. कालिपा कढईपाशी, झमिराचे हात कोपरापर्यंत कणकेत. दोन्ही पुस्तकं सकाळीच शिवून झाली होती आणि पाठ नीट बसावी म्हणून खिडकीपाशी लोखंडी इस्त्रीखाली दाबून ठेवली होती. काळं तिथून काढून गोधड्यांच्या थप्पीखाली पेटीत टाकायचं होतं. पण एल्दार रडला, मग शेजारीण पीठ घेऊन आली, मग तेल तापलं.

जिबेक शाळेतून आली. तिने बूट जागेवर ठेवले, हे पाहूनच झमिराला समजायला हवं होतं.

"हात धुतलेस?" कालिपाने विचारलं.

"धुतले. वहिनी, उद्या मी वाचू का थोडं? दादा वाचणार त्याच्या आधी? एकच पान."

"दादाला विचार उद्या."

उत्तराची वाट न बघता जिबेक खिडकीपाशी गेली होती. इस्त्री दोन्ही हातांनी उचलून तिने खाली ठेवली. झमिरा कणकेतून हात काढू लागली, कणीक बोटांना चिकटून लांबत वर आली.

"ठेव ते. पाठ बसली नाही अजून."

"मी उघडत नाहीये. नुसतं बघतेय." जिबेकने लाल पुस्तक जमिनीवर ठेवलं आणि त्याच्या शेजारी काळं, कडेला कड लावून. लालावरच्या काळ्या शिंगावरून तिने बोट फिरवलं, मग काळ्यावरच्या लाल शिंगावरून. "हे यातून काढलंय, आणि हे त्यातून. हो ना, आई?"

"हो गं," कालिपा म्हणाली. झारा कढईत होता आणि ती कढईतच बघत होती. एक बोरसोक गरजेपेक्षा जास्त लाल झाला, तरी तिने तो काढला नाही.

जिबेक पोटावर आडवी झाली. गाल जमिनीला टेकवून तिने दोन्ही पुस्तकांकडे कडेने पाहिलं, एक डोळा मिटून, शाळेत पट्टीने मोजताना मुलं बघतात तसं. मग आधी एकाच्या पाठीवर दोन बोटं ठेवली, मग तीच बोटं उचलून दुसऱ्यावर नेली.

"वहिनी, दोन्हींत आईचीच गोष्ट आहे ना?"

"हो."

"मग हे काळं जाड कसं?"