मंजुश्री विरुद्ध चांगुणा

माझ्या भावाने कॉम्प्युटरच्या कंपनीला आईचं नाव दिलं, तेव्हा सगळे हसले. चांगुणा कॉम्प्युटर्स. देऊळगाव राजाला माझ्या दुकानाची पाटी वाचून लोक विचारायचे, कॉम्प्युटर विकता की पापड? मी म्हणायची, घ्यायचा तर घ्या, नाहीतर बालाजीचं दर्शन घ्या आणि एसटी पकडा. माझा स्वभावच तसा आहे. तरीही माल खपायचा, कारण धम्मा मशीन चांगली बनवायचा.

धम्मरत्न माझा धाकटा भाऊ. पुण्याची नोकरी सोडून आला, बुलढाण्याजवळ शेड घेतली आणि सुटे भाग जोडून स्वस्तातले कॉम्प्युटर तयार करू लागला. देऊळघाटच्या घरी तो आणि आई, असे दोघंच राहायचे. त्याची पहिली डीलर मी. माझा शब्द धरून मेहकरचे, चिखलीचे दुकानदार पुढे आले. वडनेर भोलजीचे शेषराव तर म्हणाले होते, "ताई, तुम्ही इकता ना, मंग मी डोये मिटून इकतो."

आमच्याकडचं गिऱ्हाईक बंद डब्यावर विश्वास ठेवत नाही. टरबूजवाला चकती काढून लाली दाखवतो, तेव्हा कुठे टरबूज विकलं जातं. नव्या डब्यात जुना माल घालून विकणारे येऊन गेले होते, त्यामुळे लोक जास्तच सावध. म्हणून आम्ही सगळे डीलर गिऱ्हाइकासमोर कंपनीचं सील तोडायचो, झाकण काढायचो आणि आतला एकेक भाग दाखवायचो. सील तुटलं की गॅरंटी संपते, असं कागदावर छापलेलं होतं. पण खोलून दाखवा असं धम्मानेच मला सांगितलं होतं, आणि मी ते सगळ्यांना सांगितलं होतं.

मग कंपनी अडचणीत आली. धम्माने कुठून तरी हलके पॉवर सप्लाय उचलले आणि त्या उन्हाळ्यात ते पटापट जळायला लागले. शाळांचे मास्तर, झेरॉक्सवाले, सगळे आमच्या दारात. आम्ही पदरमोड करून बदलून दिले. कंपनीकडे भरपाई मागितली, तर तिच्या वकिलाचं उत्तर आलं की सील डीलरांनी तोडलं, आमची जबाबदारी नाही. मी धम्माला फोन लावला. त्याने उचलला नाही.

शेषराव माझ्या दुकानात येऊन बसले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण ते एवढंच म्हणाले, "गावात तोंड दाखवाची सोय नाही राह्यली, ताई. तुमच्या भरवशावर इकले होते."

मग मीच पुढे झाले. सगळ्या डीलरांच्या वतीने अर्ज केला. वर टाइप झालं होतं, अर्जदार मंजुश्री, विरुद्ध चांगुणा. आई दोन वर्षांपूर्वी गेली होती. ती नाही ते बरं, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आणि असं वाटल्याबद्दल मी दुकानाचं शटर ओढून घेऊन रडले.

खटल्याआधी मध्यस्थी असते. बुलढाण्याला कोर्टाच्या इमारतीतल्या एका खोलीत मला आणि शेषरावांना बसवलं. मध्यस्थ म्हणून एक वकीलबाई होत्या. धम्मा समोर बसला होता. वाळला होता. जेवतो की नाही, कोण जाणे. माझ्या ओठावर प्रश्न आला होता, तो मी गिळला.

माझ्या फोनमध्ये त्याचा आवाज होता. सील तोडायला सांगणारा जुना व्हॉइस मेसेज. तो मी आमच्या वकिलालाही दिला नव्हता, शेषरावांनाही सांगितलं नव्हतं. धम्मा आपणहून खरं बोलेल अशी माझी आशा होती. 'हो' म्हटलं तर शेड जाणार, हे त्याला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. 'नाही' म्हटलं तर शेषरावांसारखे सगळे बुडणार, तेही माझ्यापायी.

बाईंनी विचारलं, "सील तोडायला तुम्ही परवानगी दिली होती का?"

धम्माने माझ्याकडे पाहिलं. मग टेबलाकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "मी असं कधी सांगितलं नाही."

शेषरावांनी डोळे मिटले. मी फोन काढला आणि मेसेज लावला.

"ताई, बिनधास्त खोलून दाखवत जाय लोकाईले. सील तुटलं तं तुटू दे..." धम्माचा आवाज. आणि त्यावरच चढलेला आईचा, स्वयंपाकघरातून आलेला. "अरे, ताट थंडं होऊन राह्यलं. आंधी जेव. मंजे, तू जेवली का वं?" तिच्या बोलण्याखाली धम्माचं पुढचं वाक्य दबलं होतं.

बाई म्हणाल्या, "मधेच त्या बाई बोलल्या, नीट कळलं नाही. परत लावा."

मी परत लावला. दुसऱ्यांदा मला धम्माकडे बघवेना.

"जिम्मेदारी माही, असं म्हटलं हाय मी," तो हळूच म्हणाला. "माहाच आवाज हाय."

"आणि त्या बाई कोण?"

"माय हाय. आमची."

मग त्याने कशालाच हरकत घेतली नाही. शेड विकून डीलरांचं नुकसान भरून द्यायचं ठरलं, त्याने सही केली. शेषरावांनी मला हात जोडले. मला त्यांचा राग आला. वास्तविक त्या माणसाची काही चूक नव्हती.

खाली जिन्याजवळ धम्मा थांबला होता.

"ताई, थे मले पाठव," तो म्हणाला. "माह्याजवळ मायचा आवाज नाही."

"पाठवते."

"पूरा नको पाठवू. माहं बोलणं काढून टाक. मायचं तेवढं ठेव."

दुकानात येऊन मी तो मेसेज कॉम्प्युटरवर घेतला. दुपारभर खटपट केली. जिथे आई बोलते, तिथे धम्मा बोलतोच आहे. त्याला कमी करावं तर आईही पुसट होत जाते. शेवटी होता तसाच पाठवला आणि लिहिलं, काढता येत नाही रे.

त्याने ऐकला. मग उत्तर आलं, "माय विचारून राह्यली होती तुले, जेवली का म्हणून. तू काय सांगतलं होतं?"

मी जुने मेसेज वर सरकवत गेले. धम्माच्या त्या मेसेजखाली माझं उत्तर सापडलं. लिहिलं होतं, ठीक आहे, सगळ्या डीलरांना कळवते.

आईला मी काहीच सांगितलं नव्हतं.